दर अक्षरी चार पौंड

फाटकापाशी प्लायवुडचा थर्मामीटर उभा केला,
माणसाहून उंच. दर शुक्रवारी संध्याकाळी
शाळेच्या ऑफिसातून आकडा यायचा
आणि मी लाल रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढायचो.
केक विकून एकशे बारा.
हेडमास्तरांनी भर हॉलमध्ये दाढी काढू दिली, त्याचे तीनशे चाळीस.
गाड्या धुऊन सहावीतल्या पोरांनी आणले एकोणसत्तर,
त्यातली एक नोट अजून ओली.
बॉयलरला हवे होते अठरा हजार.
हॅलिफॅक्सचा वारा टेकडीवरून उतरतो तेव्हा
कुणाच्या बापाला विचारत नाही,
आणि आमची शाळा बरोब्बर त्याच्या वाटेत.

थर्मामीटरचे मी पैसे घेतले नाहीत.
सोन्याचे घेतले.

हॉलमधल्या फळीवर
नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं लिहायची होती.
जमलेल्यांनी ती वाचावीत,
मग खिशात हात घालावा, असा बेत.
दर अक्षरी चार पौंड, वर्खासकट.
कमिटीत कुजबुज झाली म्हणे:
मार्जरी कोवालचिक बाई फारच महाग पडतात,
नुसतं एम. कोवालचिक लिहिलं तर?
मी म्हटलं, बाईंनी नदीवर पूल बांधलाय,
अख्खा, या काठापासून त्या काठापर्यंत.
सात अक्षरं मी पदरची घातली.

वर्ख आईला ठाऊक तो बर्फीवरचा, चांदीचा.
हा त्याहून नाजूक.
बोट लावलं की बोटाचाच होतो,
श्वास सोडला की उडून पडद्यामागे जातो.
म्हणून अक्षर भरताना मी श्वास घेत नाही.
फिलिपा ओल्डरॉइड, हिमनद्या मोजते: श्वास नाही.
शकील भट्टी, न्यायाधीश: श्वास नाही.
मग यादीत खालून दुसरा,
वेन थॅक्री. रग्बी. इंग्लंडकडून नऊ सामने.

तेरा अक्षरं. बावन्न पौंड.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर, फेब्रुवारी.
मी अकरा वर्षांचा, मालवणहून येऊन दीड वर्ष झालेलं,
इंग्रजी अजून तोंडात खड्यासारखं.
वेननं मला बॉयलरच्या खोलीत ढकललं.
दाराला आतून कडी नव्हती.
खरं सांगू, अख्ख्या शाळेत
तेवढी एकच जागा उबदार होती.
तासभर पाइपाला पाठ लावून बसलो,
कोळशाच्या धुळीत बोटानं स्वतःचं नाव लिहीत,
आधी आपल्या लिपीत, मग त्यांच्या, मग पुन्हा आपल्या.
अक्षराला वळण तिथे लागलं, असं म्हणता येईल.
मी म्हणत नाही.
चड्डी ओली झाली होती,
तेही त्याच तासातलं.

त्याच्या नावातलं पहिलं अक्षर चार रेघांचं.
एखादी रेघ केसभर वाकडी ओढली असती
तर कुणाला कळलं असतं?
मला.
सरळ ओढली.

सोहळ्याच्या रात्री तो आला.
गुडघे गेलेले, हातात काठी, टाय भलताच रुंद.
आपल्या नावापुढे उभा राहिला, चहा गार होईपर्यंत.
"आई असायला हवी होती," म्हणाला, फळीलाच.
मग कोपऱ्यात जाऊन चेक लिहिला, दोन हजारांचा,
माइकवरून सांगू नका म्हणाला.
रॅफलमध्ये बिस्किटांचा डबा लागला, तो पोरांत वाटून टाकला.
जाता जाता माझ्यापाशी थांबला.
"तूही इथलाच का?"
"इथलाच."
"कुठला वर्ग?"
"बॉयलरशेजारचा."
हसला.
त्याला आठवलं की नाही, ठाऊक नाही.
काही हसू विचारून बघायची नसतात.

मे महिन्यात नवा बॉयलर बसला, पांढरा,
कपाटाएवढा, आवाज म्हणून नाही.
थर्मामीटर आता त्याच खोलीत, भिंतीला टेकून,
गळ्यापर्यंत लाल.
ठेवायला मीच गेलो. दार मागे आपोआप लागलं,
आणि हात सवयीनं चाचपडला:
गुळगुळीत लाकूड. पन्नास वर्षं झाली, तसंच.
शिपायानं उघडेपर्यंत चार मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी घरून स्क्रू ड्रायव्हर नेला.
बिलातली शेवटची ओळ:
आतली कडी, एक. पैसे नकोत.